न झालेल्या मृत्यूंची नोंद

मृत्यूविषयी वाङ्मयात विपुल लेखन झालेले आहे. विलापिका हा काव्यप्रकार आपण पदवीच्या वर्गांना शिकवतो, कथा-कादंबऱ्यांतील मृत्युप्रसंगांची समीक्षा करतो, आणि एखाद्या पात्राचा मृत्यू कथानकाच्या ओघात अपरिहार्य होता की लेखकाने सोयीसाठी घडवून आणला, यावर विद्यार्थ्यांकडून टिपणे लिहवून घेतो. परंतु जो मृत्यू व्हायचा होता आणि झाला नाही, त्याच्यासाठी आपल्याजवळ कोणताही वाङ्मयप्रकार नाही. ज्याचा जीव वाचला त्याला स्वतःलाही बहुधा त्याची जाणीव नसते. १८९० साली बर्लिनमधल्या एखाद्या तळघरात राहणारा मजूर क्षयाच्या संसर्गातून निसटला, तर त्या दिवशी तेथे काहीच घडले नाही. तो सकाळी कामावर गेला, एवढेच.

इतिहासकाराला मात्र या 'काहीच न घडण्या'चा हिशेब मांडावा लागतो. सरकारने कायदा करून लोकांना आरोग्यविमा दिला, तर माणसे कमी मरतात काय? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर शोधण्यात अनेक विद्वानांची हयात गेली आहे, आणि त्या उत्तरावर काही देशांत निवडणुका लढवल्या गेल्या आहेत. विमा या शब्दाचे नाते फारसीतल्या 'बीम' म्हणजे भय या शब्दाशी जोडले जाते. ही व्युत्पत्ती खरी मानली तर विमा मुळात भयावरचा उतारा ठरतो. त्याने भय कमी होते हे कोणीही मान्य करील. मरणही कमी होते की नाही, हा वादाचा विषय आहे.

वाद का व्हावा, हे आधी पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पश्चिम युरोपातील मृत्युदर उतरू लागला. त्याच सुमारास अनेक गोष्टी एकदम घडत होत्या. धान्य स्वस्त झाले, मजुरी वाढली, शहरांत नळाचे पाणी आले, गटारे बांधली गेली, रोगजंतूंचा शोध लागला, आणि काही देशांत विम्याचे कायदेही झाले. यांतील कोणत्या गोष्टीला किती श्रेय द्यावे? ब्रिटनमधील वैद्यकीय इतिहासाचे अभ्यासक थॉमस मॅककिओन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वैद्यकाला जवळजवळ काहीच श्रेय दिले नाही. इंग्लंडमधील क्षयाच्या मृत्यूंचा आलेख पुढे करून त्यांनी दाखवले की, स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४७ च्या सुमारास उपलब्ध होण्यापूर्वीच या मृत्यूंत झालेली बहुतेक घट होऊन गेली होती. मॅककिओन यांच्या मते हे श्रेय सुधारलेल्या आहाराचे. पुढे १९८८ मध्ये सायमन श्रेटर यांनी या मताला मोठा धक्का दिला. अन्न आपोआप कोणाचे प्राण वाचवत नाही. नगरपालिकांत भांडून पाणी आणि गटारे आणावी लागली, त्या भांडणाला इतिहासात जागा द्या, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. दोघांच्याही मांडणीत विम्याला फारसे स्थान नव्हते. मॅककिओन यांचा तर्क लावला तर विमा डॉक्टरकडे नेतो, डॉक्टरजवळ औषध नाही, म्हणजे विमा कोणाला वाचवणार? तर्क बिनतोड वाटतो. तो कोठे फसतो हे पाहण्यासाठी बिस्मार्ककडे जावे लागते.

बिस्मार्कला मजुरांच्या प्रकृतीची फार चिंता होती, असे त्याचे स्तुतिपाठकही म्हणत नाहीत. १८७८ साली सम्राट पहिला विल्हेल्म याच्यावर लागोपाठ दोन हल्ले झाले आणि त्या निमित्ताने समाजवाद्यांच्या संघटना, सभा व वृत्तपत्रे यांवर बंदी घालणारा कायदा आला. नुसत्या दंडुक्याने मजूर राज्याशी निष्ठावंत होणार नाही, हे ओळखण्याइतका बिस्मार्क धूर्त होता. १७ नोव्हेंबर १८८१ रोजी राइशस्टागमध्ये सम्राटाचा संदेश वाचून दाखवण्यात आला आणि त्यात आजार, अपघात व वार्धक्य यांसाठी राज्याने तरतूद करण्याचे सूतोवाच झाले. आजारविम्याचा कायदा १५ जून १८८३ चा. तो अमलात आला १ डिसेंबर १८८४ पासून. कारखान्यांतील व कारागिरीच्या धंद्यांतील मजुरांना विमा सक्तीचा झाला. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा मजुराने व एक तृतीयांश मालकाने भरायचा. बदल्यात डॉक्टर आणि औषधे फुकट, शिवाय आजाराच्या तिसऱ्या दिवसापासून तेरा आठवड्यांपर्यंत निम्म्या मजुरीइतका भत्ता. १८८५ मध्ये सुमारे ४३ लाख माणसे, म्हणजे साम्राज्यातील लोकसंख्येच्या जवळपास एक दशांश, या योजनेखाली आली होती.

यात एक मौज झाली. वर्गणीच्या प्रमाणात कारभारात वाटा, या न्यायाने स्थानिक आजारनिधींच्या मंडळांवर दोन तृतीयांश जागा मजुरांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. ज्या समाजवाद्यांचा पाया खणण्यासाठी हा उद्योग मांडला, त्यांनाच कारभाराचे शिक्षण देणाऱ्या शाळा गावोगाव उघडल्या गेल्या. कायद्याचा हेतू आणि कायद्याचा परिणाम यांची गल्लत इतिहासात आपण वारंवार करतो. बिस्मार्कच्या कायद्यापुढे ती करण्याची सोयच नाही.

आता मृत्यूकडे वळू. १८८४ साली डॉक्टरच्या पिशवीत काय होते? क्विनीन, मॉर्फिन, हृदयासाठी डिजिटॅलिस. देवीची लस होती. घटसर्पावरची रक्तलस यायला आणखी दहा वर्षे होती, आणि प्रतिजैविके तर पुढच्या शतकातली. आजारनिधीचा पैसाही सुरुवातीला डॉक्टरपेक्षा भत्त्यावरच अधिक खर्च होत असे. तरीही मजुरांचे मृत्यू कमी झाले.

हे कसे कळले, ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. प्रशियाच्या सांख्यिकी कचेरीने मृत्यूच्या नोंदी व्यवसायवार ठेवल्या होत्या. स्टेफान बाउअर्नशुस्टर, अनास्तासिया ड्रिव्हा आणि एरिक हॉर्नुंग या अर्थशास्त्रज्ञांनी त्या धुळीतून बाहेर काढल्या. त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मजुरांची तुलना सरकारी नोकरांशी केली. सरकारी नोकर त्याच शहरांत राहत होते, तेच पाणी पीत होते, तीच गटारे त्यांच्याही घराखालून वाहत होती. पण १८८४ चा सक्तीचा विमा त्यांना लागू नव्हता. गटारांमुळे मृत्यू घटले असते तर कारकून आणि मजूर या दोघांचेही घटायला हवेत. प्रत्यक्षात मजुरांची घट अधिक निघाली. शतकाच्या अखेरीपर्यंत हा फरक मजुरांच्या मृत्युदराच्या आठ-नऊ टक्क्यांच्या घरात गेला होता, आणि त्यातील मोठा भाग संसर्गजन्य रोगांचा, विशेषतः क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांचा होता. ज्या रोगांवर औषध नव्हते तेच रोग कमी झाले!

याचा उलगडा भत्त्याच्या अटीत सापडतो. भत्ता हवा तर डॉक्टरचा दाखला हवा. ज्या मजुराने जन्मात डॉक्टरचे तोंड पाहिले नसते, तो दाखल्यासाठी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आणि हा डॉक्टर नेमका त्या काळातला होता. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. पाठोपाठ इजिप्त आणि आपल्याकडचे कलकत्ता येथे जाऊन त्याने पटकीच्या जंतूचाही शोध लावला. डॉक्टरजवळ औषध नव्हते, पण बातमी होती. थुंकी कोठे टाकावी, खोकणाऱ्याचे अंथरूण वेगळे का करावे, खिडकी का उघडावी, दूध का उकळावे, हे सांगणारा एक शिकलेला माणूस कायद्याने मजुराच्या आयुष्यात आणून सोडला. मॅककिओनी तर्काने वैद्यक म्हणजे औषध असे गृहीत धरले होते; वैद्यक म्हणजे ज्ञानही असते, आणि ते गरिबापर्यंत पोचवायला कोणीतरी पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट त्या तर्कातून सुटली.

आजारनिधींच्या कारभारातील आणखी एक प्रकरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. भत्ता घेणारा मजूर खरोखरच अंथरुणावर आहे की दारूच्या गुत्त्यात, हे पाहण्यासाठी निधी आपले तपासनीस घरोघर पाठवत असत. हे काम मूळचे अविश्वासाचे. बर्लिनमधील व्यापारी नोकरांच्या स्थानिक आजारनिधीचा कारभार पाहणारे आल्बर्ट कोन यांनी याच तपासनिसांकडून घरांची माहिती गोळा करवायला सुरुवात केली. खोलीची लांबी-रुंदी किती, खिडकी आहे काय, एका अंथरुणात किती जण झोपतात, भिंतीला ओल आहे काय. १९०१ पासून १९२० पर्यंत या पाहण्यांचे अहवाल निघाले आणि काही वर्षांतच त्यांत छायाचित्रेही येऊ लागली. तळघरांतल्या, पोटमाळ्यांवरच्या त्या खोल्या, मध्यभागी आजारी माणसाचा पलंग, आणि कॅमेऱ्याकडे पाहणारी मुले. लबाडी पकडायला गेलेल्या माणसांनी शहरी दारिद्र्याचा एवढा मोठा दस्तऐवज सिद्ध करावा, ही गोष्ट वास्तववादी कादंबरीच्या अभ्यासकांनी तरी नजरेआड करू नये. रुडॉल्फ फिर्खोने १८४८ साली अपर सायलेशियातील ज्वराच्या साथीचा अहवाल लिहिताना उपाय म्हणून लोकशाही, शिक्षण आणि रस्ते सुचवले होते. तोच वारसा अर्ध्या शतकानंतर आजारभत्त्याच्या फायलींत अवतरला, असे म्हणायला हरकत नाही.

बिस्मार्कचा हा नमुना पुढे देशोदेशी गेला. ब्रिटनने १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा केला. आपल्याकडे १९४३ मध्ये प्रा. भा. पु. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम सोपवण्यात आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ चा आणि त्यातून निघालेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. गिरणगावातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात 'ईएसआयचा डॉक्टर' येतो, त्याची वंशावळ अशी बर्लिनपर्यंत मागे नेता येते.

अमेरिका मात्र या रांगेत उभी राहिली नाही. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली आणि डॉक्टरांच्या संघटनेने ती 'समाजवादी वैद्यक' म्हणून हाणून पाडली. १९६१ मध्ये याच संघटनेच्या मोहिमेसाठी रोनाल्ड रेगन नावाच्या एका चित्रपटनटाने सरकारी विम्याच्या धोक्यांविषयी बजावणारी ध्वनिमुद्रिका काढली होती; पुढे तो नट देशाचा अध्यक्ष झाला. अखेर ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, ट्रुमन यांच्या शेजारी बसून, पासष्टीपुढील सर्वांना विमा देणाऱ्या मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पहिले कार्ड ट्रुमन यांनाच मिळाले. १ जुलै १९६६ रोजी योजना सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्यात दाखल झालेले होते. त्यापूर्वी देशातील सुमारे निम्म्या वृद्धांना रुग्णालयाच्या खर्चाचा कोणताही विमा नव्हता.

इतकी मोठी माणसे एका दिवसात विमाधारक झाली, म्हणजे मृत्युदराच्या आलेखात पायरी दिसायला हवी. एमी फिंकेलस्टीन आणि रॉबिन मॅकनाइट यांनी ती शोधली. मेडिकेअरपूर्वी खाजगी विम्याचे प्रमाण देशाच्या निरनिराळ्या भागांत कमीजास्त होते. जेथे ते कमी होते तेथे मेडिकेअरचा परिणाम जास्त दिसला पाहिजे, अशी त्यांची युक्ती. त्यांचा २००८ चा निष्कर्ष असा की, पहिल्या दहा वर्षांत वृद्धांच्या मृत्युदरावर या योजनेचा डोळ्यांना दिसेल असा परिणाम झाला नाही. रुग्णालयांवरील खर्च मात्र प्रचंड वाढला. ज्या वृद्धांवर औषधपाण्याच्या खर्चाचा सर्वांत मोठा बोजा पडत असे, अशा वरच्या चतुर्थांशाचा खिशातून जाणारा खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. म्हणजे विम्याने भय घालवले आणि मरण जागच्या जागी राहिले!

हा निष्कर्ष विम्याचे विरोधक आनंदाने उद्धृत करतात. त्याचे स्पष्टीकरण मात्र ते सहसा देत नाहीत. १९६५ च्या अमेरिकेत न्यूमोनिया झालेल्या गोऱ्या म्हाताऱ्याला, त्याच्याजवळ पैसे असोत वा नसोत, रुग्णालय बहुधा दाखल करून घेई आणि प्रतिजैविके देई. मग कोणी कर्जबाजारी होई, कोणी धर्मादायाचा आश्रय घेई. ज्या उपचारांनी जीव वाचत होते ते त्याला आधीच मिळत होते. हृदयविकारासारख्या ज्या रोगांनी वृद्ध मरत होते, त्यांवर तेव्हा वैद्यकाजवळच फारसे काही नव्हते. बर्लिनच्या मजुराला विम्याने जे नव्याने मिळाले, तसे या म्हाताऱ्याला प्राणांच्या दृष्टीने काही नव्याने मिळाले नाही.

'गोऱ्या म्हाताऱ्याला' हे शब्द वर हेतुपुरस्सर वापरले आहेत. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाला रुग्णालयाचे दारच वेगळे होते. बहुधा तळघरातला एखादा कक्ष, आणि पुष्कळ ठिकाणी तोही नाही. काही राज्यांत रक्ताच्या बाटलीवरही दात्याचा वर्ण लिहीत. हे सारे खाजगी दुष्टपणातून झाले असे नव्हे. १९४६ च्या ज्या कायद्याने रुग्णालयांच्या बांधणीसाठी संघराज्याचा पैसा दिला, त्यातच 'वेगळ्या पण समान' सोयींची मुभा होती. ग्रीन्सबरो येथील दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती न्यायालयात आव्हानित केली आणि १९६३ मध्ये ती रद्द झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने पुढचे पाऊल टाकले: जी संस्था वर्णभेद पाळील तिला संघराज्याचा पैसा नाही. तोवर हा कागदी नियम होता. मेडिकेअरने त्याला दात दिले. वृद्धांच्या उपचाराचे पैसे हवे असतील तर कक्ष एक करा, दरवाजे एक करा, डॉक्टरांच्या यादीत काळ्या डॉक्टरांना घ्या. तपासणीला माणसे अपुरी म्हणून इतर खात्यांतून उसनी आणि स्वयंसेवक म्हणून आलेली माणसे दक्षिणेत धाडण्यात आली. चार महिन्यांच्या आत सुमारे हजार रुग्णालयांनी गाजावाजा न करता आपले दरवाजे एक केले. सुईणीच्या हाती जन्मलेले, जुलाबाने सुकत चाललेले काळे मूल आता रुग्णालयाच्या मुख्य दारातून आत जाऊ शकत होते, कारण त्याच दारातून आत येणाऱ्या गोऱ्या आजोबांचे बिल सरकार भरणार होते.

डग्लस अल्मंड, केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी मिसिसिपीच्या नोंदी तपासल्या तेव्हा १९६५ नंतरच्या काही वर्षांत काळ्या अर्भकांच्या मृत्यूंत तीव्र उतार दिसला. पहिला महिना पार केलेल्या मुलांचे मृत्यू घटले, आणि तेही जुलाब व न्यूमोनिया यांचे, म्हणजे सलाइन आणि प्रतिजैविके वेळेवर मिळाल्यास टळणारे. त्यांच्या हिशेबाने दक्षिणेत काही हजार मुले यामुळे जगली. वृद्धांसाठी केलेल्या विम्याने वृद्ध वाचले नाहीत, मुले वाचली, असे हे विलक्षण कथानक आहे.

ते इतके सुबक आहे की साहित्याच्या शिक्षकाने त्याच्याविषयी सावध राहिलेले बरे. आणि खरोखरच २०२० मध्ये मार्क अँडरसन, केर्विन कोफी चार्ल्स व डॅनियल रीस यांनी कोणत्या काउंटीतील रुग्णालयाला मेडिकेअरची मान्यता केव्हा मिळाली हे बारकाईने जुळवून पाहिले, तेव्हा काळ्या-गोऱ्या अर्भकांमधील मृत्यूचे अंतर दरवाजे एक झाल्यामुळे कमी झाले, याला त्यांना फारसा पुरावा सापडला नाही. दारिद्र्यनिवारणाच्या इतर योजनाही त्याच वर्षांत चालू होत्या. आम्हांला स्वतःला मिसिसिपीचा पुरावा अजूनही वजनदार वाटतो, कारण मृत्यू कमी झाले ते नेमके रुग्णालयात टळू शकणारे. पण हा खटला संपलेला नाही. तो संपेपर्यंत या गोष्टीचा व्याख्यानात वापर करणाऱ्याने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

मेडिकेअरच्या संदर्भात मात्र एक गोष्ट पुढे बदलली. वैद्यकाची पिशवी भरत गेली. डेव्हिड कार्ड, कार्लोस डॉब्किन आणि निकोल मेस्टास यांनी २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील अशा रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, ज्यांना टाळता न येणाऱ्या तातडीच्या आजारासाठी रुग्णालयात आणले होते. चौसष्टीतले आणि नुकतीच पासष्टी ओलांडलेले हे रुग्ण सर्व बाबतींत सारखे. फरक एवढाच की दुसऱ्यांना मेडिकेअर लागू झालेले. सात दिवसांतील मृत्यू पासष्टीच्या उंबरठ्यापलीकडे सुमारे एक पंचमांशाने कमी निघाले, आणि हा फरक निदान नऊ महिने टिकला. १९६६ मध्ये जो कायदा मरणापुढे निष्प्रभ ठरला, त्याच कायद्याचे हे उत्तरचरित्र आहे.

ऑरेगन राज्याने २००८ मध्ये गरिबांच्या विम्याच्या थोड्या जागांसाठी चक्क सोडत काढली. जागा सुमारे दहा हजार, नावे सुमारे नव्वद हजार. चिठ्ठीत नाव निघालेले आणि न निघालेले अशी तुलना फुकटात मिळाल्याने अभ्यासक हरखून गेले. दोन वर्षांनंतर पाहिले तर नैराश्य बरेच कमी झालेले, औषधपाण्यापायी कंगाल होणे जवळजवळ थांबलेले. पण रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांत खात्रीने सांगण्याजोगा फरक नाही, आणि मृत्यूविषयी तर या पाहणीतून काहीच ठरवता येईना. ऑरेगनचा दाखला देऊन 'विम्याने जीव वाचत नाहीत' असे त्यानंतर ठासून सांगण्यात आले. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यांतला भेद न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवतात. मध्यमवयीन माणसे मुळात कमी मरतात. काही हजारांच्या समूहात एक-दोन वर्षांत होणारे मृत्यू इतके थोडे, की त्यांतली घट आकड्यांच्या गोंगाटात हरवून जाते.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातही याच जातीची दोन परस्परविरोधी उत्तरे मिळालेली आहेत. तेथे २०१० मध्ये गुलबर्गा विभागातून सुरू झालेल्या वाजपेयी आरोग्यश्री योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, भाजणे अशा मोठ्या उपचारांचे संरक्षण दिले. नीरज सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योजनेच्या सीमेवरची गावे निवडली. अलीकडची ३०० योजनेत, पलीकडची २७२ बाहेर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत योजनेतल्या गरीब कुटुंबांत या विशिष्ट आजारांनी होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच गावांतील, योजनेस पात्र नसलेल्या सुस्थित कुटुंबांत असा फरक दिसला नाही. त्याच राज्यात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेवर दहा हजारांहून अधिक कुटुंबांचा एक प्रयोग झाला. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतचा रुग्णालयखर्च मिळे. कार्ड मिळालेल्यांच्या प्रकृतीत जवळजवळ कोणताच फरक पडला नाही. पहिल्या योजनेत गावागावांत तपासणी शिबिरे होती, रुग्णाला हाताला धरून शहरातल्या रुग्णालयापर्यंत नेणारे आरोग्यमित्र होते. दुसरीत अनेकांना कार्ड वापरावे कसे हेच उमगले नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, पुढे ती राज्यभर नेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. तिची रचना पहिल्या प्रकाराला जवळची आहे. तिच्यातही आरोग्यमित्र आहेत.

ऑरेगनच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते एका पत्रामुळे. ओबामांच्या काळातील कायद्याने विमा न घेणाऱ्यास करासोबत दंड भरावा लागे. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेच्या कर खात्याने असा दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना पत्र पाठवायचे ठरवले: तुम्ही दंड भरला आहे, विमा घेण्याचे मार्ग असे आहेत. एक साधे सरकारी पत्र. निधी पुरला नाही, म्हणून ३९ लाख कुटुंबांनाच ते गेले. उरलेली कुटुंबे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणताही निकष न लावता, वगळली गेली. पत्र मिळालेल्यांपैकी काहींनी विमा घेतला. जेकब गोल्डिन, इथाई लुरी आणि जॅनेट मॅककबिन यांनी पुढल्या दोन वर्षांतील मृत्यू मोजले. ४५ ते ६४ या वयातील दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला होता. या वेळी समूह लाखांचा होता, म्हणून तो एक मृत्यू गोंगाटातून वेगळा ऐकू आला.

पत्र ज्यांना गेले नाही ती कुटुंबे सहा लाखांच्या आसपास होती. त्यांच्यातील जे मध्यमवयीन त्या दोन वर्षांत गेले, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलेला असेल, कर्करोग किंवा मधुमेह लिहिलेला असेल. कर खात्याची छपाई अपुरी पडली, असे कारण लिहिण्यासाठी दाखल्यात रकाना नसतो.